लाल ट्रे

एकतीस वर्षं पिंपरीत
इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरल्या.
डाव्या हातानं उचलायची, उजव्यानं फिरवायची,
केसाएवढा तडा दिसला की लाल ट्रे.
त्या ट्रेचं पुढं काय व्हायचं
कधी विचारलं नाही.

रिटायर झाले, आणि धायरीत घरामागं
नळ आणि कढीपत्त्याच्या मधल्या साडेचार फुटांत
भट्टी बांधायला घेतली.
“पिझ्झाची का हो ताई?” वरून ठकारबाई.
म्हटलं, नाही. मातीची. काचेची पण.
त्यांनी खिडकी अर्धी लावून घेतली.

विटा भोसरीतल्या, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या.
पांढऱ्या, हलक्या, पावासारख्या,
आरीनं कापल्या की पीठ उडतं.
तोंडाला ओला पंचा बांधून
मी खाचा कोरत बसले, आठवडाभर,
शिंकले तरी पांढरी.
तार तापकीर गल्लीत मिळाली.
दुकानदार म्हणाला, इस्त्री दुरुस्त करताय?
गजावर गुंडाळली. सुटली. गुंडाळली.
उष्णता मोजायचा डबा जुन्या बाजारातला,
अडीचशे सांगून एकशे ऐंशीला दिला,
काटा दोनशेवर अडकतो,
टिचकी मारली की पुढं जातो.

केशवनगरहून रंगूबाई उरुणकर बघायला आल्या.
त्यांच्याकडं सासऱ्याच्या आज्यापासून आवा लागतो.
भट्टीभोवती एक चक्कर मारली,
वाकल्या, मागनं पाहिलं.
“ह्याचा धूर कुठनं जातो?”
धूर नसतो, म्हटलं. विजेवर आहे.
“मग आत काय चाललंय
ते कळायचं कसं?”
मी डबा दाखवला. टिचकी मारून दाखवली.
त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
पिशवीतून दोन कच्च्या पणत्या काढल्या:
“फुटली ती तुझी, भाजली ती माझी.”

गुरुवारी लाइट जातात, म्हणून शुक्रवार धरला.
पहिल्याच तासात एमसीबी पडला.
दुसऱ्या तासात फ्रिज बंद केला, पंखे बंद केले,
अंधारात मांडी घालून बसले.
रात्री साडेअकराला भोकातून डोळा लावला तर आत नारिंगी,
आणि सोड्याच्या हिरव्या बाटलीचे तुकडे,
मी हातोडीनं फोडलेले, बोटाला लागलेले,
त्यांनी कडा सोडल्या होत्या.
एकमेकांत शिरत होते, घाई न करता.

आता बंद करायची आणि हात लावायचा नाही.
सगळेच सांगतात. मीही सांगितलं असतं.
काच तापताना ऐकते, निवताना नाही.
पहाटे पाचला दार उघडलं.
काटा तीनशेवर होता,
म्हणजे टिचकी मारली असती तर कदाचित साडेतीनशे.

टिण्.

एवढंच. शेजारच्या कुत्र्यानं कान टवकारला.

उजाडल्यावर ताटली बाहेर काढली.
डाव्या हातानं उचलली, उजव्यानं फिरवली,
खिडकीच्या उजेडासमोर धरली,
कडेपासून मध्यापर्यंत, केसाएवढा.
मग हात तसाच वर राहिला.
घरात लाल ट्रे नव्हता.
ओट्यावर ठेवली ती ताटली. तिच्यात लिंबं असतात.
तडा सकाळी दिसतो, दुपारी दिसत नाही.

रंगूबाईंनी पणत्या कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवल्या.
एक ठण् म्हणाली. दुसरी थप्.
“एक माझी, एक तुझी,” म्हणाल्या,
आणि थप् माझ्याकडं सरकवली.
चहाला थांबल्या मात्र.

दुसऱ्यांदा शुक्रवारीच लावली.
शनिवारी रात्री बाहेर झोपले, दाराकडं पाठ करून.
रविवारी सकाळी ठकारबाई खाली आल्या, हातात बादली,
पोराचे शाळेचे मोजे, चार दिवस दमट.
“वरती ऊब आहे ना हो अजून?”
आहे म्हटलं.
त्यांनी झाकणावर तीन जोड ओळीनं पसरले,
एक एकटा राहिला, तो कोपऱ्यात.

आत काय झालंय, माहीत नाही.
मोजे वाळतायत.